जाण्यापुरती

"नऊ वर्षं दुरुस्ती चाललीये? होडी आहे की जहाज?" नोंदवहीतून डोकं वर न काढता नव्या मॅडमनी विचारलं.

समोर उभ्या असलेल्या कारकुनाने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमाल पुन्हा खिशात ठेवला. बंदर कचेरीत त्याला सगळे तूर्तासराव म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने ज्या ज्या कागदावर शेरा मारला, त्याची सुरुवात 'तूर्तास' या शब्दाने झाली होती. तूर्तास प्रलंबित. तूर्तास पाहणी बाकी. तूर्तास संबंधितांस कळवले आहे. आधी शिपाई चिडवायला म्हणे, मग साहेब लोकही म्हणू लागले, आणि पुढे पुढे घरच्या फोनवरसुद्धा 'तूर्तासराव आहेत का?' अशी विचारणा होऊ लागली. बायको मुकाट्याने फोन त्याच्या हातात देई.

"तूर्तास..." तो म्हणाला आणि थांबला.

"हो, तेच लिहिलंय. 'तूर्तास दुरुस्तीखाली.' नऊ वेळा. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"आणि मालक?"

"वडील."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या असतील. बाई वाईट नव्हत्या, हीच खरी पंचाईत होती. ओरडणाऱ्या साहेबाला कसं सांभाळायचं हे तूर्तासरावला तोंडपाठ होतं. शांतपणे सगळं वाचून काढणारा साहेब त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "नवा धक्का बांधायचाय. महिनाअखेर काठ मोकळा हवा. बेवारस होड्या आपण यंत्र लावून फोडणार, त्यात प्रश्न नाही. पण जी दुरुस्तीखाली आहे, ती मालकानं पाण्यात घालून वल्हवत न्यायची. नियमच आहे तसा. पाण्यावर तरंगत राहिली तर नोंद खरी. नाही राहिली तर नोंद खोटी, आणि मग मला चौकशी लावावी लागेल. तुमची दोन वर्षं राहिलीत ना?"

"एक वर्ष दहा महिने."

"मला वाईट वाटेल," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवस आहेत. मी स्वतः बघायला येईन."

पहिल्या वर्षी तो शेरा खोटा नव्हता. वडिलांचा, आप्पांचा, खांदा नुकताच गेला होता, आणि खांदा बरा झाला की होडीचं बघू, असं घरात बोललं जात होतं. दुसऱ्या वर्षी तो अर्धा खोटा होता. तिसऱ्या वर्षापासून ती सवय झाली, आणि सवयीच्या गोष्टीला खरं की खोटं असं कोण विचारतो? होडी काठावर पालथी पडून होती. कुत्री तिच्या सावलीत झोपत. बायको वर्षातून चारदा तरी विचारी, "अहो, ते धूड कधी हलणार?" आप्पा मात्र रोज सकाळी जाऊन तिच्यावर हात ठेवून येत, घरातून निघताना आपण कुलूप ओढून पाहतो तसा. बाप जिवंत असताना त्याची होडी बेवारस लिहायची कशी? हात धजला नाही, एवढीच काय ती तूर्तासरावची अफरातफर.

आप्पा मासेमारीतले नव्हते. इस्पितळ खाडीच्या पैलतीरावर आणि धुलाईखाना ऐलतीरावर, आणि मधे आप्पा. सकाळी स्वच्छ चादरींची गाठोडी घेऊन जायचं, इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांवर उतरवायची, आणि मळक्या चादरी घेऊन परत यायचं. छत्तीस वर्षं. मग वरच्या अंगाला पूल झाला, इस्पितळाने गाडी घेतली, आणि आप्पांना एक शाल मिळाली. त्यानंतरही ते नुसतेच वल्हवत जात, पायऱ्यांवर पाच मिनिटं बसत आणि परत येत. खांदा गेला तेव्हा तेही थांबलं.

तूर्तासरावने त्या संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. आप्पा खाटेवर बसून पायाची नखं कापत होते. शेवटचं नख होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"नऊ वर्षं तू लिहितोयस की मी दुरुस्ती करतोय म्हणून?"

"हो."

"मी तर एक खिळासुद्धा मारला नाही."

"माहितीये, आप्पा."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

आप्पांनी यावर बराच विचार केला. "शिव्या घातल्या असत्या," ते म्हणाले. "खोटं लिहितोस म्हणून. आणि मग लिही म्हणालो असतो."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको म्हणाली, "मी बोलते त्या मॅडमशी. चूक झाली म्हणावं. माणसाच्या हातून चूक होते."

"नऊदा?" आप्पा म्हणाले. त्यांनी नखं कागदात गोळा केली, पुडी बांधली. "दुरुस्ती चाललीये असं लिहिलंय ना? मग आता दुरुस्ती करायची. माझ्या पोराचं लिहिलेलं खोटं पडायचं नाही. उद्यापासून कचेरी सुटली की थेट काठावर ये. आणि ते चांगले कपडे घालून येऊ नकोस."

"आणि दुरुस्त करून मग काय? ठेवणार कुठे?" सुनेने विचारलं.

"ठेवायची कशाला? पलीकडे फोड्याकडे न्यायची आणि द्यायची."

फोड्या म्हणजे पैलतीरावर इस्पितळाच्या खालच्या बाजूला जुन्या होड्या फोडणारा माणूस. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं. आप्पा हे असं सरळ बोलून गेले. जी गोष्ट हलावी म्हणून सून नऊ वर्षं कुरकुरत होती, ती हलणार म्हटल्यावर तिलाच कसंसं झालं.

तूर्तासराव एकतीस वर्षं बंदर कचेरीत होता, नावाड्याच्या पोटी जन्मला होता, आणि त्याने आयुष्यात कधी वल्ह्याला हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता. "माझ्या हाताला घट्टे आहेत तेवढे घराला पुरेत," असं म्हणून आप्पांनी त्याला लहानपणापासून होडीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. त्याला टेबल मिळावं, खुर्ची मिळावी, डोक्यावर पंखा मिळावा. ते सगळं मिळालं. आता छप्पन्नाव्या वर्षी तो गुडघ्यावर बसून फळ्यांच्या सांध्यांतला जुना वाळका भरणा आकड्याने खरवडून काढत होता, आणि बाप शेजारी खुर्ची टाकून बसून चुका काढत होता.

"खरवड म्हटलं, गुदगुल्या नकोत."

"लाकूड निघतंय, आप्पा."

"निघतंय ते कुजकं. कुजकं ठेवून काय करणार, लोणचं?"

सांधे मोकळे झाल्यावर त्यात डांबरात भिजवलेला कापसाचा पीळ छेनीने ठोकून बसवायचा होता. पहिल्या दिवशी हातोडी अंगठ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंगठ्यावर बसली. कचेरीत दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या बांधून तो टाइप करू लागला तेव्हा शिपाई म्हणाला, "तूर्तासराव, तूर्तास शिक्के मी मारतो." मॅडमनी पट्ट्या पाहिल्या आणि पुढची फाईल उघडली.

तळाच्या एका फळीला पावलाएवढं भोक होतं. त्यावर मारायला पक्कं, जुनं, मुरलेलं लाकूड हवं होतं. वखारीत सगळं ओलं. दोन दिवस शोधाशोध झाली. तिसऱ्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातली डब्यांची फळी रिकामी केली, डबे जमिनीवर ओळीने मांडले आणि फळी नवऱ्याच्या हातात दिली.

"अगं, ही तुझ्या माहेरची."

"माहेरची आहे म्हणूनच टिकलीये. न्या."

आप्पांनी फळी उलटसुलट करून पाहिली, कानाजवळ नेऊन बोटाने वाजवली. "सूनबाई, ही होडीपेक्षा चांगली आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेली ही पंचवीस वर्षांतली पहिली सरळ स्तुती, आणि ती फळीची होती. तरी सुनेने ती आपल्या नावावर घेतली.

मग आला खरा गमतीचा भाग. होडी सरळ करून, टेकू देऊन तिच्यात पाणी भरायचं. नऊ वर्षं उन्हात पडलेलं लाकूड आक्रसलेलं असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं आणि सांधे आपोआप घट्ट होतात. तूर्तासराव खाडीतून बादल्या भरभरून आणून होडीत ओतू लागला. शेजारचा शिंपी काठावर फिरायला आला होता, तो थबकलाच.

"अहो, होडीत पाणी बाहेरून येतं असं ऐकलं होतं. तुम्ही आतून घालताय?"

"तहानलीये," आप्पा म्हणाले.

पहिल्या दिवशी चाळीस बादल्या झाल्या. सकाळी जाऊन पाहिलं तर होडी कोरडी आणि खालची वाळू ओली. तूर्तासराव बादली उपडी घालून तिच्यावर बसला. चौकशी, निवृत्तीच्या उंबरठ्यावर नाचक्की, हारतुऱ्यांशिवाय कचेरीतून झालेली रवानगी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. आप्पा शांत होते. "आज पुन्हा घाल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी अर्धं पाणी टिकलं. तिसऱ्या दिवशी शिंपीही बादली घेऊन आला. चौथ्या दिवशी सकाळी होडी काठोकाठ भरलेली होती, आणि खालची वाळू कोरडी. आप्पांनी वाकून वाळू हातात घेऊन पाहिली, दोन बोटांत चोळली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

चौदाव्या दिवशी भरतीच्या वेळी सहा जणांनी होडी ढकलत पाण्यात घातली. मॅडम फाईल घेऊन हजर होत्या. सोबत यायला कचेरीची लाँच मिळाली असती, पण ती स्वतःच तूर्तास दुरुस्तीखाली होती. म्हणून मॅडमनी दोन नारिंगी जाकिटं आणली होती.

"हे कशाला?" आप्पा म्हणाले. "छत्तीस वर्षं चादरी नेल्या. एक भिजू दिली नाही."

"चादरीसाठी नाही आणलं, आजोबा. तुमच्यासाठी आणलंय."

आप्पांनी जाकीट घातलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या वाळक्या माणसाच्या अंगावर ते फारच मोठं दिसत होतं. ते होडीत चढले, वल्ही लावली, दोनदा हलवून पाहिली. मुलगा समोर पत्र्याचा डबा घेऊन बसला. त्याचं काम एकच, आत येईल ते पाणी बाहेर फेकायचं.

काठ सुटला. तळाशी तीन-चार ठिकाणी पाणी झिरपत होतं, पण डब्याला आटोपेल एवढंच. आप्पा वल्हवत होते आणि तूर्तासराव पाहत राहिला. घरात खाटेवरून उठताना तीनदा दम घेणारा हा माणूस इथे कुणी वेगळाच होता. त्याला वाटलं, आपण या माणसाच्या घरात छप्पन्न वर्षं राहिलो आणि याला कामावर कधी पाहिलंच नाही.

"बघत काय बसलास? पाणी काढ."

निम्म्या वाटेवर आप्पांचा उजवा हात थांबला. त्यांनी एकदा ओढून पाहिलं, दात आवळून पुन्हा ओढून पाहिलं. होडी गोल फिरू लागली.

"खांदा?"

"गेला."

मागच्या काठावर मॅडम आणि शिंपी एवढे एवढेसे दिसत होते. ओहोटी लागायला अजून अर्धा तास होता. ती लागली की होडी खाली समुद्राकडे ओढली जाणार, हे कचेरीत भरती-ओहोटीचं कोष्टक दर महिन्याला टाइप करणाऱ्या तूर्तासरावला चांगलंच ठाऊक होतं.

"जागा बदल," आप्पा म्हणाले. "उभा राहू नकोस. बसूनच सरक. हं. डबा दे इकडे."

"आप्पा, मला येत नाही."

"मलाही कुणी पोटातून शिकवून पाठवलं नव्हतं. धर."

त्याने वल्ही धरली. पहिला फटका हवेतच गेला आणि तो मागे कोलमडला. दुसऱ्याने पाणी उडालं आणि बापाचं तोंड भिजलं.

"पाण्याला मारू नकोस. त्यानं तुझं काय घोडं मारलंय? बुडव आणि ओढ. दोन्ही हात सारखे. ओढ. आता सोड. ओढ."

हळूहळू होडीचं नाक पैलतीराकडे वळलं. तूर्तासरावच्या हातांना फोड आले, फुटले, झोंबू लागले. तो मोजायचं विसरला, घाबरायचं विसरला. आप्पा डाव्या हाताने पाणी काढत होते आणि दर थोड्या वेळाने डावीकडे, उजवीकडे असं सांगत होते. मग त्यांनी सांगणं बंद केलं. बराच वेळ नुसता वल्ह्यांचा आणि डब्याचा आवाज येत राहिला.

"बरं वल्हवतोस," आप्पा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "शिकवायला हवं होतं मी तुला."

तूर्तासरावला रडू आलं. हात मोकळा नसल्याने त्याने डोळे तसेच वाहू दिले.

होडी फोड्याच्या उतारावर लागली तेव्हा तो चहा पीत होता. कप हातात घेऊनच तो खाली आला, होडीभोवती एक फेरी मारली, सांधे पाहिले, तळाची नवी फळी पाहिली.

"हे काम आत्ताचं आहे," तो म्हणाला. "एवढं केलंत आणि मोडायला आणलीत? अजून एक वर्ष सहज काढेल."

"नाही काढणार," आप्पा म्हणाले. "जाण्यापुरती केलीये. येण्यापुरती नाही केली."

फोड्याने खांदे उडवले आणि मॅडमनी सोबत दिलेल्या कागदावर शिक्का मारला. 'मालकाने पाण्यातून आणून स्वाधीन केली' असं तूर्तासरावने स्वतः त्यावर लिहिलं, आणि 'तूर्तास' न लिहिता लिहिलं. कागद घडी करून त्याने आतल्या खिशात ठेवला. त्याची नोकरी वाचली होती. पंधरा दिवस ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता ती झाली होती, आणि आनंद कुठे ठेवलाय ते त्याला सापडत नव्हतं.

वर यंत्राची साखळी सैल होऊ लागली. आप्पा अजून होडीतच होते, डब्याने तळाचं पाणी काढत.

"बाबा, उतरा आता," फोड्या म्हणाला. "पाणी राहू द्या. फोडायचीच आहे."

"भरलेली ओढलीस तर तिचा कणा मोडेल."

"मोडायचाच आहे हो कणा."

"तो तुझ्या हातून मोडू दे. माझ्याकडून जाताना तरी धड जाऊ दे."

फोड्याने यंत्रवाल्याला हाताने थांबवलं. पाच मिनिटं लागली. शेवटचं ओंजळभर पाणी डब्यात येईना, तेव्हा आप्पांनी आपल्या पंच्याने तळ पुसून घेतला, पंचा पिळला आणि ते उतरले. डबा त्यांनी फोड्याला देऊन टाकला. साखळी अडकवली गेली तेव्हा ते तिकडे पाठ करून जाकिटाचे बंद सोडत होते. डाव्या हाताने ते सुटत नव्हते, म्हणून मुलाने सोडले.

"चला, आप्पा."

आप्पा निघाले ते सरळ इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांकडे, पाण्याच्या दिशेने. चार पावलं गेल्यावर थांबले. पायऱ्यांपाशी काहीच नव्हतं. ते उभेच राहिले.

"घरी कसं जायचं?" त्यांनी विचारलं.

तूर्तासरावला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. या काठावरून आप्पा घरी गेले ते नेहमी होडीनेच. आयुष्यभर. पूल झाला त्या दिवशी त्यांचं इकडचं काम संपलं होतं.

"बस आहे," तो म्हणाला. "वर रस्त्यावरून. पुलावरून जाते."

"लांब आहे?"

"चौदा किलोमीटर."

"बापरे," आप्पा म्हणाले, आणि मुलाच्या मागून चालू लागले.

इस्पितळाच्या भिंतीला वळसा घालून ते पुढच्या फाटकाशी आले. छत्तीस वर्षं ज्या इमारतीत चादरी पोहोचवल्या तिचं तोंड आप्पा पहिल्यांदाच पाहत होते. "एवढी मोठी आहे?" ते म्हणाले. थांब्यावर उभं राहिल्यावर त्यांनी कोणती बस, कुठून चढायचं, तिकीट कोण देतं, असं सगळं हळू आवाजात विचारून घेतलं. बस आली. मुलाने त्यांना खिडकीशी बसवलं आणि दोन्ही नारिंगी जाकिटं मांडीवर घेऊन तो शेजारी बसला.

कंडक्टरने विचारलं, "कुठे?"

आप्पांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने थांब्याचं नाव सांगितलं. आप्पांनी ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

बस पुलावर आली तेव्हा खाली पाणी दिसलं, खूप खाली आणि अगदी थोडा वेळ. पूल संपला आणि दोन्ही बाजूंना दुकानं, कुंपणं, घरांच्या पाठी सुरू झाल्या. आप्पा काचेला कपाळ लावून एकेक घर निरखत होते.

"आपलं घर आलं की सांग," ते म्हणाले. "या बाजूनं मला ओळखू यायचं नाही."

"सांगतो, आप्पा," तूर्तासराव म्हणाला, आणि अजून अकरा थांबे बाकी असताना तो सीटच्या कडेला सरकून बसला.